पाऊण भीती, एक झाकण

तान्ह्या पोळ्यानंतरचा पहिला शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. खर्च एक हजार चाळीस रुपये: दोन ऑटोंचं भाडं, ओआरएसची पाकिटं आणि बिस्किटं. हजर: मुख्याध्यापक, नऊ शिक्षक, खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाई, शाळेचा बाबू म्हणजे मी, आणि सर. सरांना मी त्या नऊ शिक्षकांत धरलेलं नाही. त्यांना वेगळंच मोजावं लागतं.

आदल्या दिवशी शाळेची खिचडी खाऊन अकरा मुलांना उलट्या झाल्या होत्या. पातेल्यात पाल पडली होती. मुलं संध्याकाळपर्यंत सुखरूप घरी पोचली, पण चूक कोणाची हे ठरवायला शनिवारी सभा बसली. सभा पाऊण तास चालली आणि संपली तेव्हा वच्छलाबाईंचं काम गेलेलं होतं. चूक त्यांची नव्हती. ज्याची होती तो माणूस माझ्या शेजारी सतरंजीवर डोळे मिटून बसला होता आणि स्वतःची भीती मोजत होता. त्या माणसाबद्दल मी लिहितो आहे. रागानं लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो. सर इथे असते तर तो राग किती आहे तेही त्यांनी सांगितलं असतं.

आमची शाळा हिंगणघाटहून अल्लीपूरकडे जाताना लागते. सर तिथे मराठी शिकवायचे, अजूनही शिकवतात. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला नागपूरला पाठवलं. विषय जीवन कौशल्यं. अशी कौशल्यं दहा असतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पहिलं स्वतःची जाणीव, मग बाकीची. इतर शाळांचे शिक्षक परत येऊन दहाही कौशल्यं एका पंधरवड्यात उरकून मोकळे झाले. सर पहिल्यावरच थांबले. मी एकदा विचारलं, "सर, बाकीच्या नऊचं काय?" तर म्हणाले, "बाबू, पहिलंच झालं नाई, पुढच्याची घाई काऊन करता?" त्या प्रशिक्षणाचं प्रवासबिल मीच काढलं होतं, म्हणून मला तो हिशोब पटेना. दहाचे पैसे आणि एकाचं काम.

त्यांची पद्धत अशी. काहीही मनात आलं की बोलता बोलता थांबायचं, डोळे मिटायचे, पोटावर हात ठेवायचा आणि मोठ्यानं सांगायचं: "राग. अर्धा." किंवा "कंटाळा. पाव." पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण, सव्वा. दुधाचं माप असावं तसं. सकाळी वर्गात गेले की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्या दिवशीचं माप खडूनं लिहायचे. चहाची टपरी असो, लग्नाची पंगत असो, बँकेतली रांग असो, त्यांना फरक पडत नसे. एकदा वर्ध्याच्या एस. टी. स्टँडवर कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाजलं, तेव्हा हे पायरीवर थांबून म्हणाले, "राग, पाऊण. दोन मिनिटं द्या." कंडक्टरनं दोन मिनिटं दिली नाहीत. गाडी गेली.

स्वतःपुरतं होतं तोवर ठीक होतं. ते दुसऱ्याचंही मोजत. मी पगारबिलात गुंतलेलो असताना दारातून म्हणत, "बाबू, तुमचा राग सव्वा दिसून राह्यला. तुमाले मालूम हाये का?" मला राग आला आहे हे कळायला मला माणूस लागत नाही. पण तसं म्हटलं की ते समाधानानं मान हलवत आणि सांगत, "आता दीड."

घरीही ते पोचलं. बायकोनं एका रविवारी ताट वाढता वाढता विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, कसलं किती. ती म्हणाली, "तोंडावरून पाऊण वाटते. चपाती देऊ का थांबू?"

खोटं कशाला बोलू, मुलांना त्याचा उपयोग झाला. सातवीत एक मुलगा होता, रोज कोणाचं तरी डोकं फोडायचा. तो वर्षभरात "सर, राग पूर्ण" असं ओरडून हातपंपावर जाऊन तोंड धुवायला लागला. आईबापांनी येऊन सरांना नारळ दिला. मी हे लिहितो कारण एका बाजूची नोंद करून दुसरी सोडणं मला जमत नाही.

आणि एक झाकण होतं. खिचडीच्या मोठ्या पातेल्याचं, स्टीलचं, परातीएवढं. सरांच्या वर्गात आरसा टिकत नसे, मुलं फोडत. म्हणून ते महिन्यातून एकदा वच्छलाबाईंकडून झाकण मागून नेत, खुर्चीवर उभं करत आणि एकेका मुलाला त्यात पाहायला लावत. झाकणात नाक मोठं दिसतं, कपाळ वाकडं होतं. मुलं हसत. सर म्हणत, "हसा. आपण सरळ हावो असं वाटते ना? पाहा." मग प्रत्येकानं स्वतःबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. वच्छलाबाई झाकण द्यायच्या, पण फुकट नाही. "सर, तुमाले तोंड पाह्यासाठी माह्यं झाकण काऊन लागते? घरी आरसा नाई का? बायको दाखवत नसन." सर पोटावर हात ठेवून म्हणत, "लाज, पाव." बाई म्हणत, "पावच? मंग अजून मस्करी करा लागते."

वच्छलाबाई गावाबाहेरच्या टोल्यावरच्या, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीतल्या. घरात गोंडी बोलतात, बाहेर आपल्यासारखं. नवऱ्याचं कंबरेचं दुखणं, मोठा मुलगा पुलगावला कामाला, धाकटी मुलगी अकरावीत. पोषण आहाराचं मानधन महिन्याला अडीच हजार. ते मी दर महिन्याला लावत होतो, म्हणून पाठ आहे.

आता सभेची रीत सांगतो, कारण सगळा घोळ त्या रीतीतला आहे. सरांनीच ती सुरू केली होती. नाव "आधी आपली." शाळेत काही बिघडलं की सगळे सतरंजीवर गोल बसायचे आणि प्रत्येकानं आधी स्वतःची चूक सांगायची. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. कोणी काही लिहायचं नाही. एका तपासणीत वरून आलेल्या साहेबांना हे फार आवडलं, फोटो निघाले, मुख्याध्यापकांचं नाव झालं. तेव्हापासून शाळेत ती रीत देवाच्या आरतीसारखी पाळली जाई. बहुतेक चुका अशा असत: मी थोडा उशिरा येतो, मी वर्गात जास्त प्रेमळ आहे. मी दरवेळी सांगत असे की माझ्याकडून एकही चूक झालेली नाही, आणि सगळे हसत.

त्या शनिवारी वच्छलाबाईंची पाळी आधी आली. त्या पदर सावरून म्हणाल्या, "पातेल्यावर झाकण नव्हतं. म्या फडकं टाकलं होतं, ते सरकलं असन. माही चूक हाये."

बस. एवढंच. रीत पाळली. झाकण का नव्हतं हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यात दुसऱ्याचं नाव आलं असतं.

पुढची पाळी सरांची होती. त्यांनी डोळे मिटले. हात पोटावर गेला. "भीती, पाऊण," ते म्हणाले. आणि पुढे: "माह्यात अहंकार हाये. मी लोकाइचं ऐकत नाई. माह्याच नादात राह्यतो. हे मले दिसते आणि मले त्याचा त्रास होते." दोन शिक्षिकांनी माना हलवल्या. एकीचे डोळे भरून आले.

शुक्रवारी झाकण सातवीच्या वर्गात होतं. मी स्वतः पाहिलं. लहान वर्ग आधी जेवतात, सातवी शेवटी. पहिलं मूल ओकलं म्हणून मी धावत निघालो, तेव्हा सातवीच्या दारावरून गेलो. झाकण खुर्चीवर उभं होतं आणि एक मुलगी त्यात वाकून स्वतःचे दात पाहत होती. म्हणून मी सतरंजीवर बसल्या बसल्या म्हटलं, "झाकण सातवीत होतं. ते कोणी नेलं, हे आधी बोला."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "बाबू, नियम काय हाये? आधी आपली. तुमची सांगा."

"माझी नाही."

"दरवेळीच नसते तुमची."

सगळे हसले. सर हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. आणि मुख्याध्यापकांनी शेजारचं रजिस्टर ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. मी म्हटलं, इथे लिहायचं नसतं. ते म्हणाले, "तालुक्याले रिपोर्ट द्या लागते. बाईनं स्वतः कबूल केलं, आता काय राह्यलं?" सोमवारी व्यवस्थापन समितीचा ठराव झाला. मंगळवारी मुख्याध्यापकांच्या ओळखीची दुसरी बाई चुलीशी उभी होती.

मी लेखी दिलं. तारीख, वेळ, काय पाहिलं ते. मुख्याध्यापकांनी वाचून परत केलं. "सर स्वतः असं म्हणत नाईत. तुमचं ऐकून मी त्याइच्यावर नाव कसं टाकू? उद्या त्याइच्या वर्गाचा फोटो जिल्ह्याले जाणार हाये."

संत्र्यांच्या दिवसांत, एका रविवारी दुपारी, मी सरांच्या घरी गेलो. त्यांचा भाऊ तळेगावकडे शेती करतो, तिथून करंडी आलेली होती. सर ओट्यावर बसून संत्रं सोलत होते. एकेका फोडीवरची पांढरी शीर नखानं काढून बाजूला ठेवत. मला दोन फोडी दिल्या. मी घेतल्या नाहीत.

"बाबू, आज दोन पूर्ण दिसते."

"मोजू नका, सर. कामाचं बोलायला आलो."

"मले मालूम हाये कामून आले." त्यांनी फोड खाल्ली. "मी स्वतःले फसवत नाई, बाबू. त्या दिवशी मी भ्यालो. माही भीती मले सारी दिसते, कुठून येते तेही दिसते. माह्या बापानं मले लहानपणी एका ग्लासासाठी बेलाच्या फांदीनं मारलं होतं. तवापासून माह्याकडून काई फुटलं, बिघडलं का माही जीभ बंद होते. मी त्याच्यावर लय काम केलं."

ते बराच वेळ बोलले. चांगलंच बोलले. बाप, ग्लास, शाळा, नोकरीतले पहिले दिवस, भीतीचे थर. ऐकताना मला वाटत होतं, या माणसाला स्वतःबद्दल सगळं माहीत आहे. आणि शुक्रवारी सकाळी सव्वादहाला आपला हात कशाला लागला होता, एवढं एक सोडून सगळं तो सांगतो आहे.

"सर," मी म्हटलं, "स्वभाव नका सांगू. झाकण सांगा."

त्यांनी आणखी एका फोडीची शीर काढली.

"ऑफिसात या, एक ओळ लिहून द्या. झाकण मी नेलं. तीन शब्द."

"तीन शब्दानं वर्ग बंद होईन. झाकणाचा वर्ग म्हणून जिल्ह्यात नाव झालं. पेपरात येईन, पाल पडली ती याच वर्गापायी. साठ पोरं हायेत, बाबू. काई पोरं पह्यल्यांदा बोलून राह्यली."

"म्हणजे साठ पोरांसाठी एक बाई."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता माप येणार. पण ते म्हणाले, "हिशोब तुमचा बरोबर हाये."

मी उठलो. उठताना बोललो ते लिहून ठेवतो, कारण ते मला अजून बरोबर वाटतं. "वच्छलाबाईच्या घरी चुलीवर तुमची भीती शिजत नाही, सर. तुम्हाला ती किती आहे हे कळलं म्हणून तिच्या पातेल्यात काही पडत नाही." सरांच्या बायकोनं आतून चहा आणला होता. तो तसाच राहिला.

या गोष्टीचा मला जो राग आहे तो भित्रेपणाचा नाही. मी स्वतः काही शूर नाही. संस्थेच्या सचिवांसमोर मीही नुसतं हो साहेब म्हणतो. राग याचा की भीती ओळखणं हेच त्यांनी पूर्ण काम समजलं. मोठा दोष सांगितला की लहान चूक लपते. अहंकार सांगितला की लोक डोळे पुसतात. झाकण सांगितलं असतं तर लोकांनी झाकणाबद्दल विचारलं असतं. मुलांना शिकवायचं असेल तर हे आधी शिकवावं, असं मला वाटतं: आज मी काय केलं, त्याचं कोणाला काय झालं. पोटात काय वाटतं ते मग.

दुसऱ्या दिवशी मी वच्छलाबाईंना शोधत गेलो. त्या जावेबरोबर एका शेतात कापूस वेचत होत्या. तालुक्याच्या ऑफिसात द्यायचा अर्ज मी तयार करून नेला होता, सही हवी होती.

"सरांचं नाव लिहिलं आहे," मी म्हटलं. "चालेल ना?"

"चालते. तिथं गोलात बसून म्या नाई घेतलं, तो नियम होता. हे वावर हाये." ओटीतला कापूस गाठोड्यात टाकत त्या जावेला गोंडीत काही बोलल्या. दोघी हसल्या.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, बाबूचं तोंड झाकणात पाह्यल्यासारखं वाकडं झालं."

सुनावणी संक्रांतीनंतर लागली. तालुक्याच्या ऑफिसात एक मॅडम होत्या, टेबलावर फायलींचा ढीग, पंखा बंद. समोर मुख्याध्यापक, सर, वच्छलाबाई आणि मी. मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडून बाईंची कबुली वाचून दाखवली. मी माझं सांगितलं. मॅडम सरांकडे वळल्या.

"झाकण तुमच्याकडे होतं का?"

सरांनी डोळे मिटले. हात पोटावर गेला. मला तो हात धरून खाली ओढावा असं वाटलं.

"भीती, पूर्ण," सर म्हणाले.

"ती राहू द्या तुमच्याजवळ," मॅडम म्हणाल्या. "मी झाकणाचं विचारलं."

मग वच्छलाबाई म्हणाल्या, "डोये उघडून सांगा, सर."

सरांनी डोळे उघडले. बाईंकडे पाहिलं. त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"मी नेलं. सव्वादहाला. बाईनं दोनदा पोरगी पाठवली झाकण मांगायले. मी दोनदा म्हटलं, पाच मिनिटं."

हे मला माहीत नव्हतं. चार महिने मी त्या झाकणाच्या मागे होतो आणि बाईंनी दोनदा मागणं पाठवलं होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सरांना माहीत होतं. ओट्यावर संत्रं सोलताना माहीत होतं. बाप, ग्लास, बेलाची फांदी सांगताना माहीत होतं. मॅडम पुढे काय विचारत होत्या ते पुढची दोन मिनिटं मला ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर मी वच्छलाबाईंना विचारलं, "हे तुम्ही मला काऊन नाही सांगितलं?"

"त्या पोरीचं नाव आलं असतं. साहावीतलं लेकरू. तिले इथं उभी करून विचारलं असतं, खरं का खोटं." त्यांनी चप्पल झटकली. "मानसाचं तोंड उघडते का नाई ते पाह्यचं होतं मले."

बाईंना कामावर परत घेण्याचा हुकूम आठवड्यात आला. सरांना लेखी समज मिळाली. मुख्याध्यापकांना काहीच झालं नाही; ते रजिस्टर नीट ठेवतात. वर्ग बंद पडला नाही. जिल्ह्याला फोटो गेला नाही एवढंच, आणि फोटोवाचून मुलांचं काही अडलं नाही. मधल्या चार महिन्यांचं मानधन मात्र बाईंना मिळालं नाही. ज्या महिन्यांत काम नाही त्यांचं मानधन नाही, असा नियम आहे, आणि ते पैसे दुसऱ्या बाईच्या खात्यात गेलेले होते. मी फाईल दोनदा पाठवली, दोनदा परत आली.

फेब्रुवारीत एक दिवस सर ऑफिसात आले, दार लोटलं आणि पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "दहा हजार हायेत. तिच्या खात्यात टाका. शासनाकडून आले म्हणा."

"का?"

"तिच्यासमोर जायाची लाज वाटते."

"किती?" मी विचारलं. मला त्यांना दुखवायचं होतं, आणि ते दुखले. त्यांनी माप सांगितलं नाही.

मी पाकीट परत त्यांच्या हातात दिलं आणि माझी सायकल काढली. ते मागून चालत आले. टोल्यावर वच्छलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या, जाऊ शेजारी बसली होती. सरांनी पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, "बाई, हे चार महिन्याचे. माह्याकडून. शासनाचे नाईत."

बाईंनी सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि नोटा काढून मोजल्या. पुन्हा मोजल्या. जावेला मोजायला दिल्या. मग घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. मला पाणी दिलं, बाजेवर जागा करून दिली.

दहा हजार रुपये, रोख, सरांनी स्वतःच्या हातानं वच्छलाबाईंना दिले, त्यांच्या अंगणात, जावेसमोर आणि माझ्यासमोर. सरांना त्यांनी बसा म्हटलं नाही. सर उभेच राहिले.